तात्पर्य न सांगणारी गोष्ट

गेल्या पावसाळ्यातील एका सायंकाळी कसाल तिठ्यापासून जवळच असलेल्या एका घरी आम्हांला थांबावे लागले. बाहेर पाऊस धरून बसला होता, वीज गेली होती, आणि घरातील दोन मुले बॅटरीच्या दिव्याजवळ एक पातळसे पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. पुस्तकाचे नाव 'हात मोडला'; लेखन आणि चित्रे माधुरी पुरंदरे यांची. मुलांच्या आग्रहावरून ते आम्ही मोठ्याने वाचून दाखविले. वाचन संपताच, पंचवीस वर्षांच्या सवयीने, आमच्या तोंडून प्रश्न निघून गेला : "मग मुलांनो, या गोष्टीतून आपण काय शिकलो?" धाकटी मुलगी क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "फादर, गोष्ट संपली!"

त्या तीन शब्दांनी आम्हांला निरुत्तर केले. त्या मुलीच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. होते ते निखळ आश्चर्य. गोष्ट संपल्यावर हा गृहस्थ आणखी काय मागतो आहे, असा तिचा भाव होता. घरी परतल्यावर आम्ही माधुरी पुरंदरे यांची मिळतील तेवढी पुस्तके गोळा केली, पुढील काही महिने ती वाचली, पाहिली, मुलांना दाखविली. त्या वाचनातून जे हाती लागले ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक कबुली द्यावयास हवी. सेमिनरीच्या दिवसांत आमच्या टेबलावर तत्त्वज्ञानाचे आणि धर्मशास्त्राचे ग्रंथ असत; बालसाहित्य ही गंभीर वाचनाची गोष्ट आहे, असे आम्हांस कोणी सांगितले नाही, आणि आम्हांलाही ते कधी सुचले नाही. मुलांसाठी लिहिणे हे मोठ्यांसाठी लिहिण्यापूर्वीचा सराव, किंवा मोठ्यांसाठी लिहून झाल्यावरचा विरंगुळा, असा समज मराठी वाचकांत दीर्घकाळ रुजलेला आहे. माधुरी पुरंदरे यांचे आयुष्य पाहिले तर हा समज किती उथळ आहे हे ध्यानी येते. चित्र, नाटक, गाणे, परभाषा, अनुवाद आणि अध्यापन अशा अनेक वाटा चालून, त्या सर्व वाटांवरची शिदोरी बरोबर घेऊन, त्या मुलांच्या पुस्तकापाशी पोहोचल्या.

त्यांचा जन्म १९५२ सालचा. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. आई निर्मलाताई पुरंदरे. आईचे माहेर माजगावकरांचे. 'माणूस' साप्ताहिकाचे संपादक श्री. ग. माजगावकर हे त्यांचे बंधू. म्हणजे इतिहास, पुस्तके आणि छापील शब्द यांचा वावर घरात होताच. तथापि माधुरीताईंनी प्रथम हाती घेतला तो कुंचला. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे फ्रेंच शासनाच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला जाऊन ग्राफिक कलेचा अभ्यास केला. परतल्यावर पुण्यात फ्रेंच भाषेचे अध्यापन केले. पिकासोचे चरित्र मराठीत लिहिले. झाँ जिओनो या फ्रेंच लेखकाची ओसाड डोंगरावर झाडे लावीत राहणाऱ्या एका मेंढपाळाची प्रसिद्ध कथा 'झाडं लावणारा माणूस' या नावाने त्यांनी मराठी वाचकांना दिली. रंगभूमीशीही त्यांचे नाते जवळचे. थिएटर अकॅडमीने १९७८ साली रंगमंचावर आणलेल्या, पु. ल. देशपांडे यांनी मराठीत रूपांतरित केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा' या नाटकात त्या होत्या. मराठी कवितांच्या गायनाच्या कार्यक्रमांतून त्यांचा आवाज रसिकांना परिचित झाला.

या सगळ्या तपशिलाचा मुलांच्या पुस्तकाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. ज्याने रंगमंचावर संवाद उच्चारला आहे त्याला कोणते वाक्य जिभेवर बसते आणि कोणते अडखळते हे कानाने कळते. त्यांची पुस्तके मोठ्याने वाचताना आम्हांला एकदाही वाक्य मध्येच मोडून श्वास घ्यावा लागला नाही. प्रवचने लिहून वाचणाऱ्या माणसाला या गोष्टीचे मोल विशेष कळते. ज्याने परकी भाषा शिकविली आहे त्याला स्वतःच्या भाषेकडे थोडे दुरून, नव्याने शिकणाऱ्याच्या नजरेने पाहता येते. आणि मूल हे भाषेत नव्यानेच आलेले असते. 'लिहावे नेटके' हा त्यांचा तीन भागांचा मराठी लेखनाचा पाठ याच दृष्टीतून आलेला आहे. त्याआधी 'वाचू आनंदे' या मालिकेत, बालगटासाठी दोन आणि कुमारगटासाठी दोन अशा चार पुस्तकांतून, मराठी साहित्यातील वेचे त्यांनी विषयवार निवडून मुलांपुढे ठेवले. पाठ्यपुस्तकाच्या बाहेर आपल्या भाषेत केवढे वैभव आहे, हे त्यातून मुलाला परीक्षेच्या धाकावाचून कळते.

या जीवनपटात आणखी एक धागा आहे, आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. निर्मलाताईंनी १९८१ साली 'वनस्थळी ग्रामीण विकास केंद्र' सुरू केले. खेड्यातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन बालवाडी शिक्षिका म्हणून उभे करणे हे त्या संस्थेचे मुख्य काम. २०१९ साली निर्मलाताई निवर्तल्या. परंतु त्यांच्या कामामागचा विचार स्पष्ट होता : लहान मुलाचे पहिले शिक्षण ही क्षुल्लक बाब नाही, आणि ते देणारी बाई साधी गावातलीच असली तरी तिचे काम सन्मानाचे आहे. मुलांना गंभीरपणे घेण्याचा हा वसा लेकीने पुस्तकातून चालविला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

वडिलांचा आणि लेकीचा मार्ग शेजारी ठेवून पाहणे मात्र उद्बोधक ठरते. बाबासाहेब २०२१ साली, वयाची शंभरी उंबरठ्यावर असताना गेले. त्यांची प्रतिभा भव्यतेत रमणारी. 'जाणता राजा' या महानाट्यात शेकडो कलावंत, हत्ती-घोडे, किल्ल्यांचे देखावे. हजारो प्रेक्षक एकाच वेळी थक्क होऊन पाहत आहेत, असे ते दृश्य. लेकीच्या पुस्तकांची नावे पाहावीत : 'बाबाच्या मिश्या', 'मोठी शाळा', 'पाहुणी', 'मुखवटे', 'हात मोडला', 'राधाचं घर'. एकही किल्ला नाही, एकही लढाई नाही. 'बाबाच्या मिश्या' या पुस्तकातील छोट्या अनूला आपला बाबा फार आवडतो, आणि बाबाच्या ठायी सर्वांत आवडतात त्याच्या मिश्या. एवढ्याशा आवडीवर अख्खे पुस्तक उभे राहते. 'राधाचं घर' मध्ये तर घरातल्या माणसांची ओळख हाच विषय. मुलाच्या दृष्टीने पाहिले तर यात उणे काहीच नाही. पहिल्यांदा मोठ्या शाळेच्या दारात उभे राहणे हे त्या जिवाला एखाद्या किल्ल्याच्या दरवाजापुढे उभे राहण्यापेक्षा कमी नसते. मोठ्यांना जे किरकोळ वाटते ते मुलाच्या मापाने मोजणे, हीच या लेखिकेची पहिली शक्ती आहे.

दुसरी शक्ती चित्रांत आहे. तीविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे, कारण चित्रपुस्तकाविषयी आमच्या कुटुंबांत एक गैरसमज पक्का आहे. मूल वाचू लागेपर्यंत चित्रे, वाचू लागल्यावर अक्षरे, अशी आपली समजूत असते. तिसरीत गेलेल्या मुलाच्या हाती चित्रांचे पुस्तक दिसले तर आई म्हणते, "आता तू मोठा झालास, चित्रं काय बघतोस!" या समजुतीचा इतिहास जुना आहे आणि त्यात आमच्या धर्मसभेचाही थोडा वाटा आहे. इसवी सन ६०० च्या सुमारास मार्सेयचे बिशप सेरेनुस यांनी मंदिरातील चित्रे फोडून टाकली, लोक त्यांचीच पूजा करू लागतील या भयाने. तेव्हा पोप महान ग्रेगरी यांनी त्यांना समज दिली की चित्रांची पूजा होऊ न देणे योग्य, परंतु ती नष्ट करणे अयोग्य. कारण ज्यांना वाचता येत नाही ते लोक चित्रांवरून वाचतात. चित्रांचे रक्षण करणारा हा निवाडा मोलाचा होता. पण त्याबरोबर 'चित्र हे निरक्षरांसाठी' असा एक अर्थही मागे राहिला. पुढे १६५८ साली मोरावियातील धर्मगुरू आणि शिक्षणतज्ज्ञ योहान कोमेनियस यांनी मुलांसाठी लॅटिन आणि जर्मन भाषांतील एक सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. वस्तूचे चित्र आणि तिचे नाव शेजारी शेजारी, अशी त्याची रचना. मुलांच्या सचित्र पुस्तकांच्या इतिहासात त्याचे स्थान अग्रभागी आहे. तेथेही चित्राचे काम शब्द शिकविण्याचेच होते.

परंतु चित्र हे शब्दाचे चाकर नव्हे, ही जाण आपल्या जिल्ह्यात फार पूर्वीपासून नांदते आहे, आणि तिचे घर कसालहून दूर नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची सुट्ट्या चित्रांची पोथी असते. कथेकरी एकेक चित्र समोर उभे करतो आणि वाद्यांच्या साथीने त्या प्रसंगाचे आख्यान लावतो. चित्रावर अक्षर नसते. चित्रात जे दिसते ते कथेकरी पुन्हा सांगत बसत नाही. आणि तो जे गातो ते सगळेच चित्रात काढलेले नसते. दोघे मिळून कथा पुरी करतात. ही कला जिवंत ठेवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला, तेव्हा सबंध सिंधुदुर्गाला आनंद झाला. पण त्या आनंदात एक गोष्ट आपल्या ध्यानी आली नाही : चित्रपुस्तक ही काही शहरातून आलेली नवलाई नव्हे. ते आपल्याच तालुक्यात, पोथीच्या रूपाने, पिढ्यान्‌पिढ्या होते.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तके पाहताना आम्हांला पिंगुळीची आठवण झाली ती यामुळे. शैलीत साम्य काहीच नाही. तेथे ठसठशीत रेषा आणि पौराणिक वेषभूषा. येथे बारीक, संयत रेषा, सौम्य रंग आणि रोजची माणसे. पण चित्र आणि शब्द यांचा संसार मात्र तसाच आहे. शब्द थोडे बोलतात आणि थांबतात. उरलेले चित्र सांगते. आई रागावली आहे असे मजकुरात लिहावे लागत नाही. तिच्या उभे राहण्यावरून ते मुलाला कळते, कारण आईचे असे उभे राहणे ते रोज पाहत असते. त्यांची माणसे सुंदर करून काढलेली नाहीत. पोट सुटलेले असते, केस विस्कटलेले असतात, घरात पसारा असतो. जाहिरातीतल्या गोबऱ्या गालांच्या मुलांची सवय झालेल्या डोळ्यांना हे प्रथम रूक्ष वाटते. मुलांना मात्र वाटत नाही. ती त्या पसाऱ्यात आपला पसारा शोधतात. 'चित्रवाचन' या नावाचे त्यांचे स्वतंत्र पुस्तकच आहे, आणि त्या नावातच त्यांची भूमिका सामावली आहे. चित्र नुसते पाहायचे नाही. ते वाचायचे, त्याच्याशी बोलायचे.

आता त्या मुलीच्या उत्तराकडे वळू. मराठीतील बालकथेला तात्पर्याची सवय जुनी आहे. इसापनीती आणि पंचतंत्र यांच्या छायेत ती वाढली, शाळेने तिला पोसले, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत आम्ही तिला खतपाणी घातले. गोष्ट सांगायची आणि शेवटी तिची दोरी आवळून उपदेशाची गाठ मारायची, हा आमचा शिरस्ता. माधुरी पुरंदरे ती गाठ मारीत नाहीत. त्यांच्या पुस्तकात नीती नाही, असा याचा अर्थ नव्हे. घरात कोण कोणाशी कसे बोलतो, काम कोण करतो, मुलाचे म्हणणे मोठी माणसे ऐकतात की नाही, या सर्वांतून नीती पानोपानी झिरपलेली आहे. पण ती ओळ म्हणून वेगळी काढून दाखविता येत नाही. वाचणाऱ्या मुलाला ती कुठे सापडायची तिथे सापडते, किंवा त्या दिवशी सापडत नाही. लेखिका घाई करीत नाही.

यावर आक्षेप येणे स्वाभाविक आहे. आमच्याच एका ज्येष्ठ मित्राने तो घेतला. ते म्हणाले, "फादर, आजकालच्या मुलांवर मोबाईलचा एवढा मारा, त्यांना चांगले-वाईट स्पष्ट सांगायला नको का? अशा गोष्टींनी संस्कार कसे होणार?" आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. आम्ही त्यांना एवढेच विचारले की, उधळ्या पुत्राच्या दाखल्याचा शेवट काय? ते म्हणाले, "मुलगा परत आला, बापाने त्याला जवळ केले." आम्ही म्हटले, नाही, तो शेवट नव्हे. शेवटी थोरला मुलगा दाराबाहेर उभा आहे, आतून गाण्या-बजावण्याचा आवाज येतो आहे, आणि बाप त्याची समजूत घालतो आहे. तो आत गेला की नाही, हे लूकच्या शुभवर्तमानात सांगितलेलेच नाही. दोन हजार वर्षे तो तिथेच उभा आहे, आणि म्हणूनच ऐकणारा प्रत्येक थोरला मुलगा आपल्या मनात तो प्रश्न सोडवीत बसतो. प्रभूने तेथे तात्पर्य सांगितले असते तर तो दाखला आपण ऐकला असता आणि विसरून गेलो असतो. आमच्या मित्राला हे पटले की नाही ते आम्ही विचारले नाही. तसे विचारणे म्हणजे पुन्हा गाठ मारणेच झाले असते.

संस्कार होऊच नयेत असे आमचे म्हणणे नाही. जे स्पष्ट सांगायचे ते स्पष्ट सांगावे. आज्ञा आज्ञेसारखी द्यावी. पण आज्ञेला गोष्टीचे कपडे चढवून ती मुलाच्या गळी उतरविण्याचा जो खटाटोप आपण करतो, त्यात आज्ञेचेही बळ जाते आणि गोष्टीचेही. मुलाला ती लबाडी कळते. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके मुलांना प्रिय होतात याचे एक कारण हे की, त्यांत मुलाशी लबाडी केलेली नाही.

एवढी स्तुती केल्यावर समीक्षकाने आपले दुसरे कर्तव्यही केले पाहिजे. या पुस्तकांतील जग, थोडे अपवाद सोडले तर, शहरी मध्यमवर्गीय कुटुंबाचे जग आहे. तेथील मुलाच्या आईबाबांचे बोलणे पुण्याच्या वळणाचे, घराची मांडणी शहरातली. आमच्या कसाल-ओरोस परिसरातील मूल घरी मालवणी बोलते, किंवा आपल्या ख्रिस्ती घरांतून कोंकणी बोलते. शाळेत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी ऐकते. त्याच्या घरापुढे अंगण आहे, अंगणात खुरीस आहे, मागे माड आणि कोकमाचे झाड आहे, आणि बाबा अनेकदा मुंबईत, बोटीवर किंवा आखातात आहेत. या मुलाला पुस्तकात आपला पसारा किती सापडणार? बाबा रोज सकाळी आरशापुढे मिश्या नीट करतो, हे ज्या मुलीला वर्षातून एक महिनाच पाहायला मिळते, तिने 'बाबाच्या मिश्या' वाचले तर तिच्या मनात काय येईल? हा प्रश्न आम्हांला त्या पुस्तकापाशी अडवून ठेवतो.

हा दोष लेखिकेचा मानावा काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. लेखकाने आपण पाहिलेले, जगलेले घर प्रामाणिकपणे काढावे. न पाहिलेले घर दयेपोटी काढले तर ते खोटे उतरते. मुलांच्या पुस्तकांत गावाकडचे मूल पुष्कळदा दिसते ते गरीब आणि गुणी, शहरातल्या मुलाला धडा देण्यापुरते. तसल्या चित्रणापेक्षा मौन बरे. माधुरी पुरंदरे यांनी जे घर दाखविले ते खरे आहे, म्हणूनच दुसऱ्या घरातल्या मुलालाही त्यात शिरता येते. ज्या बाबाला मिश्या आहेत तो पुण्यात असो की दुबईत, मुलीचे प्रेम तेच. तरीही उणीव ती उणीवच. ती लेखिकेच्या पदरी न घालता मराठी बालसाहित्याच्या आणि, स्पष्टच बोलायचे तर, आपल्या पदरी घालावयास हवी. मालवणीला रंगमंच मिळाला. 'वस्त्रहरण' ने ती घरोघरी आणि सातासमुद्रापार पोहोचविली. पण हसविण्यापलीकडे, एका लहान मुलाला जवळ घेऊन गोष्ट सांगण्यासाठी ती बोली पुस्तकाच्या पानावर किती वेळा आली? आपल्या ख्रिस्ती घराचे अंगण कोणत्या चित्रपुस्तकात उमटले? फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापले, तेव्हा त्यांनी येथल्या लोकांच्या भाषेत, येथल्या ओवीत लिहिले, याचा आपण चारशे वर्षे अभिमान बाळगतो. आपल्या मुलांच्या भाषेत, त्यांच्या डोळ्यांसमोरच्या जगात लिहिण्याचे काम मात्र आपण दुसऱ्यांवर सोडून दिले आहे.

त्या पावसाळी सायंकाळचा उरलेला भाग येथे सांगावयास हवा. आमचे वाचन संपल्यावर मुलांच्या आजीने पुस्तक हाती घेतले. शाळेत त्या फारशा गेलेल्या नाहीत. अक्षर लावून वाचताना त्यांना कष्ट पडतात. त्यांनी मजकुराकडे पाहिलेच नाही. चित्रावर बोट ठेवून त्या आपल्या बोलीत सांगू लागल्या. आरंभी पुस्तकातल्या मुलाची गोष्ट होती. दोन पानांनंतर ती त्यांच्या भावाची झाली. तो लहानपणी आंब्यावरून कसा पडला, हाडवैद्याने बांबूच्या कांबी लावून हात कसा बांधला, हात बांधलेला असताना त्याने डाव्या हाताने जेवायचे कसे शिकून घेतले आणि पुढे तो डाव्याच हाताने होडीचे वल्हे कसे अधिक जोरात मारी, हे सारे त्या चित्रांतून निघाले. मुले ऐकत राहिली. नातवंडांना आपल्या आजीला भाऊ होता हे ठाऊक होते. तो कधी लहान होता हे ठाऊक नव्हते.

आम्ही बाजूला बसून पाहत होतो. पुण्यात लिहिलेल्या पुस्तकाला कसालमध्ये मालवणी फुटली होती. चित्राला प्रमाणभाषा नसते. ते ज्याच्या हाती पडेल त्याच्या बोलीत बोलते. आजीला अक्षरे अडली तरी चित्र अडले नाही, आणि नातीला आजीच्या तोंडी जे मिळाले ते आमच्या शुद्ध वाचनातून मिळाले नव्हते. पोप ग्रेगरींचे म्हणणे त्या दिवशी आम्हांला नव्याने उमगले. चित्र वाचता न येणाऱ्यांसाठी आहे हे खरेच; पण ते वाचणाऱ्याला आणि न वाचणाऱ्याला एकाच चटईवर बसविते, हे त्याहून खरे.

माधुरी पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो बालसाहित्यातील त्यांच्या एकूण कार्यासाठी. २०१६ साली 'बिग लिटल बुक' हा टाटा ट्रस्ट्सचा पुरस्कार त्याच्या पहिल्याच वर्षी त्यांना देण्यात आला. पुरस्कारांनी लेखकाचे मोठेपण सिद्ध होत नसते. पण मुलांच्या पुस्तकांकडे समाज थोडा तरी वळून पाहू लागला, याची ती खूण आहे. ज्योत्स्ना प्रकाशनासारख्या प्रकाशकांनी ही पुस्तके निगुतीने काढली, आणि 'प्रथम बुक्स' ने त्यांपैकी काही अन्य भारतीय भाषांत नेली. पुस्तके पातळ आहेत, सहज परवडणारी आहेत आणि फाटेपर्यंत वाचली जाण्याच्या योग्यतेची आहेत.

आपल्या कुटुंबांत पहिल्या कम्युनियनला, वाढदिवसाला, नाताळात मुलांना भेटी देण्याची प्रथा आहे. घड्याळे येतात, खेळण्यांच्या मोटारी येतात, सुंदर वेष्टणात बांधलेली आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाणारी पुष्कळ सामग्री येते. त्यांत यंदा एक चित्रपुस्तक असू द्यावे. ते देताना त्यावर उपदेशाची चिठ्ठी चिकटवू नये. आणि शक्य झाल्यास ते घरातल्या सर्वांत वयोवृद्ध माणसाच्या हाती द्यावे, मुलाला शेजारी बसवून.

तेथून पुढे आणखी एक पाऊल आहे. आपल्या गावांत चित्र काढणारी मुले-मुली आहेत. तियात्र आणि दशावतार पाहून कान तयार झालेले तरुण आहेत. गोष्टी सांगणाऱ्या आज्या तर घरोघर आहेत. त्यांच्यापैकी कोणी एकाने आपल्या अंगणाकडे, माधुरी पुरंदरे यांनी आपल्या घराकडे पाहिले तसे, न सजविता, न लाजता पाहिले तर आमच्या मुलांचेही पुस्तक होईल. त्यात अंगणातला खुरीस असेल, आखातातून फोनवर बोलणारा बाबा असेल, पावसात गेलेली वीज असेल. असे पुस्तक जो करील त्याला या पानांवरून आमची एकच विनंती राहील : शेवटचे पान झाले की थांबावे. पुढचे मूल पाहून घेईल.